जेसीबीवरून भांडणारे 'स्वार्थी नागरिक'

सूनबाईने तीन दिवस नातवाला खाली बागेत नेलं नाही. कारण काय, तर सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज: 'दोन वर्षांचं मूल खेळणं हिसकावतं तेव्हा उद्याचा स्वार्थी नागरिक घडत असतो.' खाली पाच उपदेश. घोडबंदर रोडवर मेट्रोच्या कामामुळे आमच्या पोराला जेसीबीचं वेड. खेळण्यातला पिवळा जेसीबी दिसला की तो ओढतोच. म्हणजे झाला गुन्हेगार!

हिसकावणं म्हणजे हाव, म्हणून दोन सारखी खेळणी आणा म्हणे. डेल हे (Dale Hay) आणि हिल्डी रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २१ महिन्यांच्या मुलांच्या जोड्या खेळताना पाहिल्या. तस्संच दुसरं खेळणं उपलब्ध असतानाही भांडणं झालीच. ओढ नुसत्या वस्तूची नसते, समोरच्या मुलाचीही असते. वाचले तुमचे दुसऱ्या जेसीबीचे पैसे.

खरा संताप आला तो तिसऱ्या उपदेशाचा: 'खेळणं ताबडतोब काढून घ्या आणि चारचौघांत कान धरून सॉरी म्हणायला लावा.' अहो, हिसकावू नये हे शिकवायला तुम्हीच हिसकावणार? पोराला एवढंच कळतं की ज्याचा हात मोठा, त्याचं खेळणं. मी खाली बसते, जेसीबीवर हात ठेवते आणि सांगते, "तिच्या हातात होता. तुलाही हवाय. तिचं झालं की तू." रडतो. कधी थांबतो, कधी दुसरीकडेच निघून जातो. आधी कोणाकडे होतं, पाळी कोणाची, दाद कोणाकडे मागायची, हे सगळं त्या अर्ध्या मिनिटात चाललेलं असतं. तुम्हाला नागरिकशास्त्रच हवं होतं ना?

'एकत्र कुटुंबात मुलं भांडत नसत.' आम्ही पाच चुलत भावंडं, तीनचाकी एक. माझ्या हनुवटीवरचा व्रण तिचाच.

'लाड ही पाश्चात्त्य फॅशन.' भावनगरला बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला, म्हणजे तेव्हाच्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात, बालशिक्षणाचं काम उभारलं. मुलाला भीती आणि शिक्षा नको, हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

मोबाइल हातात देऊन भांडण मिटवू नका, हा मुद्दा मात्र बरोबर आहे, कबूल. आणि चावा घेतला, ढकललं, तर मध्ये पडायचंच. तिथे पाळीबिळी नाही.

आज सहाला मीच त्याला खाली नेणार आहे. जेसीबीसकट.