धुंडाळून झालेलं शेत

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या मिडलटाउन गावात एक फळबाग आहे. जिम बेली या हौशी शोधकांना तिथे वसाहतकाळातली नाणी, अठराव्या शतकातलं बुटाचं बक्कल आणि बंदुकीच्या काही गोळ्या मिळाल्या होत्या. एवढं निघालं की बहुतेक जण जागा संपली असं धरतात आणि दुसरं शेत बघतात. बेली दोन वर्षांनी, २०१४ साली, पुन्हा त्याच मातीत उतरले आणि मेटल डिटेक्टर वाजला. हाती आलं एक काळवंडलेलं, छोटं चांदीचं नाणं. स्पॅनिश असेल, नाहीतर मॅसॅच्युसेट्सच्या जुन्या टांकसाळीतलं, असा त्यांचा पहिला अंदाज होता. पण त्यावर अरबी अक्षरं होती. ते १६९३ साली येमेनमध्ये पाडलेलं नाणं निघालं.

न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या या ईशान्य कोपऱ्यात, अशी अरबी नाणी आता डझनाहून जास्त सापडली आहेत. ती इथवर कशी पोचली याचा बेली यांनी लावलेला माग थेट आपल्याकडे येतो. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. हजचे यात्रेकरू आणि अरबस्तानातल्या मोखा-जेद्द्याच्या बाजारातला विक्रीचा पैसा घेऊन ते सुरतेला परतत होतं. त्यावर ५२ लाख रुपयांचं सोनं-चांदी होतं, असं खाफीखान या मुघल इतिहासकाराने लिहून ठेवलंय. लुटीनंतर एव्हरीचे काही साथीदार अमेरिकेतल्या वसाहतींत येऊन गपचूप राहिले आणि त्यांच्याबरोबर ही नाणी आली, असा बेली यांचा तर्क आहे. आणि जहाज लुटलं गेलं तेव्हा त्याचा मालक कुठे होता? मराठ्यांशी लढत भीमेकाठी, ब्रह्मपुरीच्या छावणीत. माचणूरचा किल्ला त्याच मुक्कामात उभा राहिला. माझं माहेर मंगळवेढ्याचं. आमच्या पंचक्रोशीत तळ ठोकून बसलेल्या बादशहाचा पैसा अटलांटिकच्या पलीकडच्या एका बागेत निघतो, हे वाचल्यापासून या विषयाने मला धरून ठेवलंय.

मी दक्षिण मॅसॅच्युसेट्समध्ये राहते आणि मालकाची परवानगी घेऊन आसपासच्या शेतांत डिटेक्टर फिरवते. त्यामुळे तिकडे महाराष्ट्रात गडांवरच्या खोदकामावरून वाद पेटला की मला गप्प बसवत नाही. मार्च २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या असीरगडाजवळच्या शेतांत लोक रात्री विजेऱ्या आणि डिटेक्टर घेऊन मुघलांचा खजिना खणत होते. एका चित्रपटानंतर उठलेल्या अफवेचा तो परिणाम. त्याच वर्षी जुलैत आपले बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले अकरा महाराष्ट्रातले. अभिमान आणि खणाखणी एकाच वर्षात. तेव्हापासून दोन सूर सतत ऐकू येतात. एक म्हणतो, डिटेक्टर बाळगणंच गुन्हा करा. दुसरा म्हणतो, सरकारकडे ना माणसं ना पैसा, वस्तू गंजून जाण्यापेक्षा आम्ही काढून जपतो, बिघडलं कुठे? दोन्ही सुरांमागची कळकळ मला समजते. पण दोघांचंही लक्ष वस्तूवर आहे, ती जिथे पडली होती त्या जागेवर नाही. माझं सगळं म्हणणं त्या जागेबद्दल आहे.

इथले जुने शोधक ‘तिथे काही उरलं नाही’ असं ज्या शेताबद्दल सांगतात, तिथे बरंच काही उरलेलं असतं, आणि त्याची कारणं सरळ आहेत. सतराव्या-अठराव्या शतकातल्या घराच्या जागी आज दगडी तळघराचा खड्डा आणि भोवती ढासळलेली दगडी कुंपणं तेवढी दिसतात. घर लाकडाचं होतं, ते कुजलं किंवा जळलं, आणि त्याचे लोहाराने हाताने घडवलेले खिळे मातीत विखुरले. डिटेक्टरची कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीत विद्युत-चुंबकीय क्षेत्र सोडते आणि धातूकडून आलेला प्रतिसाद टिपते. नाण्याच्या शेजारी दोन गंजके खिळे असले की त्यांचे आवाज एकमेकांत मिसळतात आणि यंत्र सगळ्याला लोखंड समजून गप्प राहतं. आधी येऊन गेलेल्यांनी लोखंड वगळण्याची सोय चालू ठेवून, मोठी कॉइल घेऊन, भराभर पावलं टाकलेली असतात. म्हणजे जिथे माणसं राहिली, जेवली, ज्यांच्या कोटाची बटणं तुटून पडली, नेमकी तीच जागा त्यांच्या यंत्राने वगळलेली असते.

आताची यंत्रं एकाच वेळी अनेक कंपनसंख्या सोडतात आणि खिळा संपून नाणं कुठे सुरू होतं ते लवकर ओळखतात. पण यंत्राहून जास्त फरक सवयीने पडतो. कॉइल छोटी घ्यायची, जमिनीला जवळजवळ टेकवून अगदी सावकाश फिरवायची. उत्तर-दक्षिण झालं की त्याच पट्ट्यात पूर्व-पश्चिम जायचं, कारण खिळ्याच्या आडोशाला पडलेलं नाणं एका बाजूने ऐकू येत नाही ते दुसऱ्या बाजूने येतं. पाऊस पडून वाफसा आला की सिग्नल खोलवरून उठतो. शिवाय दर हिवाळ्यात इथली जमीन गोठते आणि वसंतात सुटते. त्यात दगड वर येतात, वस्तू हलतात, आणि नांगर दरवर्षी त्यांना उलटेपालटे करतोच. निघतात ते बहुधा तांब्या-पितळेचे चपटे बटण, जस्त-तांब्याच्या पांढरट मिश्रधातूचे टोम्बॅक बटण, बक्कलाची अर्धी चौकट, शिवताना बोटात घालायची टोपी, शिशाची गोळी, इंग्लंडच्या दुसऱ्या-तिसऱ्या जॉर्ज राजाचा झिजून गुळगुळीत झालेला हाफपेनी, कधी स्पॅनिश रियालचा कापलेला तुकडा. स्पॅनिश चांदी अमेरिकेत १८५७ पर्यंत कायदेशीर चलन होती, त्यामुळे तो तुकडा इथे परका नाही. आणि ही सगळी जमीन वसाहतवाल्यांच्या आधी वाम्पनोआग आणि नरागान्सेट या मूळनिवासी लोकांची होती. एखादा पितळी पत्रा त्यांनी किटली कापून केलेला अलंकार असू शकतो. तशी शंका आली की मी खुरपं खाली ठेवते आणि आधी जाणकाराला विचारते. हाड दिसलं तर पुढे खणायचंच नाही.

मला या छंदाचं प्रेम आहे, पण इथला कायदा मी घरी नेणार नाही. १९७९ च्या संघीय कायद्याने सरकारी आणि आदिवासी जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या अवशेषांना संरक्षण दिलं आहे, राष्ट्रीय उद्यानांत डिटेक्टर नेण्यालाच मनाई आहे. खासगी शेतात मात्र मालकाची परवानगी पुरते. सापडलेल्या वस्तूची नोंद कुणाकडे करावी लागत नाही. पन्नास वर्षं लोकांनी या शेतांतून बटणं आणि नाणी उचलली, काचेच्या पेट्यांत सजवली, आणि त्यातल्या बहुतेकांबद्दल ती कोणत्या कोपऱ्यात, किती खोल, कशाच्या शेजारी होती हे आज कुणीही सांगू शकत नाही. शोधक वारला की पेटी विकली जाते. धुंडाळून झालेल्या शेतात मी जेव्हा उभी राहते, तेव्हा काय उरलंय याच्याइतकंच काय कायमचं गेलंय याचं मला वाईट वाटतं.

हेच यंत्र शिस्तीने वापरलं तर काय होतं याचं उदाहरणही इथेच आहे. १८७६ च्या लिटल बिगहॉर्नच्या लढाईत अमेरिकी सैन्यातल्या कस्टरची तुकडी मूळनिवासी योद्ध्यांकडून मारली गेली. त्या रणांगणावरून शंभरहून जास्त वर्षं लोक आठवण म्हणून काडतुसं उचलत होते. १९८३ साली तिथलं गवत वणव्यात जळालं, आणि १९८४ मध्ये डग्लस स्कॉट आणि रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी डिटेक्टर चालवणाऱ्या स्वयंसेवकांना रांगेत उभं करून ती जमीन पट्ट्यापट्ट्याने तपासली. सिग्नल मिळाला की निशाण रोवायचं, वस्तूला हात लावायचा नाही. मागून येणारी माणसं ती उघडत, मोजत, नकाशावर मांडत. हजारो वस्तू निघाल्या. काडतुसांवरच्या खुणांवरून एकेक बंदूक ओळखून ती मैदानात कुठून कुठे सरकली हे काढता आलं. लाकोटा आणि शायेन योद्ध्यांनी लढाई सांगितली होती ती गोऱ्या इतिहासकारांनी अनेक वर्षं बाजूला सारली होती. मातीतल्या मांडणीने त्यांच्या सांगण्याला मोठा आधार दिला. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या दिवशी जिथे लढाई झाली त्या मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्डच्या नॉर्थ ब्रिजसारख्या, लाखो पर्यटकांनी तुडवलेल्या जागीसुद्धा १९ एप्रिल १७७५ च्या पाच गोळ्या निघाल्याचं राष्ट्रीय उद्यान सेवेने २०२४ साली जाहीर केलं. त्या नदीपलीकडून वसाहतीच्या शिबंदीने झाडलेल्या होत्या, हे तपासणीत कळलं.

म्हणून मला असईची आठवण येते. जालना जिल्ह्यातल्या असईला २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी ईस्ट इंडिया कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्लीची लढाई झाली. कंपनीची सुमारे १,६०० माणसं मेली किंवा जखमी झाली. उजव्या बाजूची तुकडी आणि ७४वी पलटण गावाच्या दिशेने जास्त पुढे सरकली आणि शिंद्यांच्या तोफांनी तिची दैना केली. हे सगळं आपण मुख्यतः इंग्रजांच्या खलित्यांतून वाचतो. शिंद्यांच्या गोलंदाजांनी कुठे पाय रोवले, त्यांची दुसरी फळी नेमकी कुठे वळली, पायदळ कुठून मागे हटलं, हे जिंकणाऱ्याच्या शब्दावर मानत आलो आहोत. त्या शेतांत पडलेली प्रत्येक शिशाची गोळी ही आपल्या बाजूची साक्ष आहे, पण ती पडल्या जागी मोजली तरच. कुणी हौसेने खिशात घातली, तर ती नुसती शिशाची गोळी.

आता कायदा बघा. आपला निखात निधी, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा १८७८ चा, म्हणजे तोही वसाहतीच्याच काळातला. १० रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद. निधीला दावेदार नसेल आणि वेगळा करार नसेल तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश, जमीनमालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असेल तर धातूची किंमत अधिक तिचा पाचवा हिस्सा. ही सगळी भाषा हंड्याची आणि मोहरांची आहे. तांब्याची शिवराई या हिशोबात कवडीमोल ठरते आणि बंदुकीची गोळी तर त्यात बसतच नाही. मग शेतकऱ्याने कुळव मारताना मिळालेली वस्तू कळवायची कशाला? कार्यालयाच्या चकरा, पोलीस, आणि शेत ताब्यात जाण्याची भीती. तो ती भंगारात देतो किंवा ऑनलाइन नाणी विकत घेणाऱ्याला देतो. बंदीची मागणी करणाऱ्यांना मी हेच विचारते: तुमची बंदी या माणसाचं काय करणार?

इंग्लंडने १९९६ चा निधी कायदा केला आणि त्याच्या जोडीला १९९७ पासून साध्या वस्तूंची ऐच्छिक नोंद घेणारी योजना सुरू केली. प्रांतोप्रांती नेमलेला अधिकारी वस्तू बघतो, फोटो काढतो, जागा नोंदवतो आणि जी वस्तू निधीत मोडत नाही ती परत देतो. अशा पंधरा लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. तिकडेही रात्रीचे चोर आहेत, ते काही संपले नाहीत. पण शेतात बटण सापडलेल्या सरळ माणसाला जायला जागा आहे.

आपल्याला हौशी माणसाच्या हातात डिटेक्टर द्यायची गरज नाही. गडांवर तर अजिबात नको. तिथे संरक्षित स्मारकाचा कायदा आहे आणि तो कडकच राहावा. गडकोटांवर घाम गाळणाऱ्या संवर्धन संस्थांतली तरुण मुलं मात्र आपल्याकडे आहेत. त्यांना पुरातत्त्व खात्याच्या आणि विद्यापीठांच्या हाताखाली निशाण रोवायला शिकवा. पिकं निघाली की शेतं उन्हाळ्यात मोकळी असतात, त्या दोन महिन्यांत असईचा एकेक पट्टा तपासता येईल. शेतमालकाला त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई द्या, त्याच्या शेतावर कसलाही बोजा चढणार नाही असं लिहून द्या, आणि निघालेल्या वस्तू मुंबईला न नेता जिल्ह्यातच ठेवा. तालुक्याला एक माणूस नेमा, ज्याच्याकडे शेतकरी गोळी किंवा शिवराई घेऊन न घाबरता जाईल आणि गट नंबर सांगून, पावती घेऊन परत येईल. याला १८७८ चा कायदा बदलावा लागेल, आणि तो बदलायची मागणी किल्ल्यांवर प्रेम करणाऱ्यांनीच लावून धरायला हवी.