मंडई हलवण्याच्या प्रश्नावर : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

शहराच्या मध्यवस्तीतील जुनी मंडई उचलून नव्या व्यापारी संकुलात नेण्याला माझ्या लेखात मी विरोध केला होता. त्यावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले म्हणणे असे की, जुन्या बाजाराचे गोडवे गाताना मी तिथली घाण आणि वाहतुकीची कोंडी नजरेआड केली. मुंबईचा घाऊक बाजार वाशीला गेला तेव्हाही असाच विरोध झाला होता, पण आज तो परत मुंबईत आणा असे कोणी म्हणत नाही. आणि पुण्याच्या ज्या मंडईचा मी दाखला दिला, तीसुद्धा मूळ जागी नाही, शनिवारवाड्यापुढच्या मैदानातला बाजार हलवूनच ती उभी राहिली. याशिवाय आपण आपल्या आईंचा पाय मंडईच्या चिखलात घसरल्याचा प्रसंग लिहिला आहे. त्याकडे शेवटी येतो, कारण माझ्या मते आपल्या पत्रातला तोच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

वाशीच्या बाबतीत आपले म्हणणे मला मान्य आहे, आणि माझ्या लेखात घाऊक बाजार आणि किरकोळ बाजार यांची गल्लत झाली होती हेही मान्य आहे. मशीद बंदरच्या अरुंद गल्ल्यांमध्ये कांद्याबटाट्याचे ट्रक येऊन उभे राहत, ते रिकामे होईपर्यंत मागची वाहतूक अडून राही. तो बाजार 1981 मध्ये वाशीला गेला आणि फळे-भाजीपाल्याचा घाऊक बाजार 1996 मध्ये. नाशिकहून किंवा जुन्नरहून येणाऱ्या मालाने बेटाच्या दक्षिण टोकापर्यंत जायचे आणि तिथून पुन्हा उपनगरांत परतायचे, यात शहाणपण नव्हते. तेव्हा घाऊक बाजार हलवूच नयेत असे माझ्या लेखातून ध्वनित झाले असेल, तर तो दोष माझ्या लिहिण्याचा आहे.

परंतु वाशीचा बाजार कशामुळे टिकला, याचा विचार आपण केला नाही असे मला वाटते. घाऊक व्यापाऱ्याला आणि अडत्याला, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देणाऱ्याला, बाजार समितीचा परवाना लागतो. अमुक मालाचा घाऊक व्यवहार अमुक आवारातच होईल असे 1963 च्या पणन कायद्याखाली ठरवता येत होते, त्यामुळे व्यापाऱ्याने जुनी पेढी न सोडण्याचा हट्ट धरला तरी त्याचा धंदा तिथे कायद्याने चालू शकत नव्हता. व्यापारी गेला म्हणून ट्रक गेले, ट्रक गेले म्हणून माथाडी गेले. शेतकऱ्याचा माल, त्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) करणारा अडत्या, पोती उतरवणारी टोळी आणि उधारीवर माल उचलणारा किरकोळ विक्रेता ही एकमेकांत गुंतलेली साखळी होती, आणि ती जवळपास अखंड उचलली गेली. किरकोळ बाजाराच्या साखळीतला शेवटचा दुवा मात्र गिऱ्हाईक असते. गिऱ्हाइकाला परवाना नसतो. अधिसूचना काढून त्याला नव्या संकुलात पाठवता येत नाही.

आणि हा बदलही फुकटात झाला नाही. वाशीपर्यंत लोकल पोहोचली ती 1992 च्या मे महिन्यात, म्हणजे कांदा-बटाटा बाजार गेल्यानंतर अकरा वर्षांनी. मधल्या काळात खाडीपुलावरून बसने किंवा ट्रकच्या हौद्यात बसून जाण्याची वेळ ज्यांच्यावर आली, ते पेढीचे मालक नव्हते. ते मशीद बंदरच्या खोल्यांत दहा-दहा, पंधरा-पंधरा जण मिळून राहणारे माथाडी होते. 1969 च्या माथाडी कायद्याचे संरक्षण आणि अण्णासाहेब पाटलांनी बांधलेली संघटना त्यांच्या पाठीशी होती, म्हणून पुढे कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत त्यांच्यासाठी घरे उभी राहिली. ज्या शहरात आज किरकोळ मंडई हलवण्याचे घाटते आहे, तिथल्या भाजीवालीच्या मागे असा कायदा किती आहे आणि अशी संघटना किती आहे, हे आपणच पाहावे.

आता पुण्याच्या मंडईचा मुद्दा. आपल्या प्रतिक्रियेतला हा सर्वांत सबळ आक्षेप आहे, आणि त्यामुळे मला माझी मांडणी नव्याने तपासावी लागली. शनिवारवाड्यापुढे उघड्यावर भरणारा बाजार शुक्रवार पेठेतल्या नव्या इमारतीत गेला आणि 1886 मध्ये रे मार्केट या नावाने ती इमारत सुरू झाली, ही गोष्ट खरी आहे. इतकेच काय, नगरपालिकेचे सभासद असताना महात्मा फुले यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, तो पैसा शिक्षणाकडे वळवावा असे त्यांचे म्हणणे होते. आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच वास्तूला फुल्यांचे नाव देण्यात आले. तेव्हा बाजार हलवण्याला होणारा प्रत्येक विरोध काळाच्या कसोटीवर उतरतोच असे नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

पण हे अंतर किती होते? शनिवारवाड्यापासून मंडईपर्यंत पायी दहा-पंधरा मिनिटे लागतात. कसबा, बुधवार, शुक्रवार, रविवार या ज्या पेठांतली माणसे आधी खरेदीला येत होती, तीच माणसे त्याच पिशव्या घेऊन, त्याच रस्त्यांवरून नव्या इमारतीत आली. बाजार गिऱ्हाइकांच्या पावलांच्या टप्प्यातच राहिला. पुढे पुण्याचा व्यापार वाढला तेव्हा घाऊक भाजीबाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला आणि किरकोळ मंडई त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली होती तिथेच राहिली. एकाच शहराने एका बाजाराचे असे दोन भाग केले, आणि दोन्ही आजही चालतात. टोकियोतही याहून वेगळे घडले नाही. त्सुकिजीचा 1935 पासूनचा घाऊक मासळीबाजार 2018 च्या ऑक्टोबरमध्ये तोयोसूला नेला, पण त्याला लागून असलेली बाहेरच्या बाजूची किरकोळ दुकाने आणि खाणावळी जुन्या जागीच ठेवल्या, आणि तिथली गर्दी ओसरली नाही. आपण दिलेले आणि मी दिलेले दाखले एकत्र ठेवून पाहिले तर मला असे दिसते की, ट्रकने येणारा माल जिथे थांबतो ती जागा बदलता येते, पायी येणारे गिऱ्हाईक जिथे थांबते ती जागा बदलणे फार अवघड असते.

मी राहतो त्या उपनगरात काही वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या भाजीवाल्यांसाठी एक नवी इमारत बांधण्यात आली. फरशी चकचकीत होती, नळ होते, प्रत्येकाला क्रमांक घातलेला ओटा मिळाला होता. भाजीचे ओटे पहिल्या मजल्यावर होते. माझ्या ओळखीच्या एका मावशींना तिथे ओटा मिळाला तेव्हा त्यांनी हळदकुंकू वाहून, नारळ फोडून तिथे धंदा सुरू केला होता. पहिल्या आठवड्यात मी मुद्दाम जात असे. सकाळी अकरा वाजेपर्यंत त्यांची भवानी झालेली नसे. त्या मेथीच्या जुड्यांवर ओले फडके झाकून बसलेल्या असत आणि दर थोड्या वेळाने फडके उचलून पाने पिवळी पडली का ते पाहत. संध्याकाळी स्टेशनवरून उतरणारी, एका खांद्याला पर्स आणि दुसऱ्या हातात मुलाचे दप्तर घेतलेली बाई दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी बावीस पायऱ्या चढत नाही. (पायऱ्या मी मोजल्या होत्या.) तीन महिन्यांत मावशी पुन्हा रस्त्यावर आल्या. फरक एवढाच की पूर्वी त्या फेरीवाल्या होत्या, आता त्या ओटा मिळूनही रस्ता अडवणाऱ्या ठरल्या, आणि पालिकेची गाडी आली की पाटी उचलून पळताना त्यांना कोणाची सहानुभूतीही उरली नव्हती.

कायद्याने हा अनुभव ओळखलेला आहे, असे मला वाटते. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात नैसर्गिक बाजाराची व्याख्या आहे, म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने एकत्र येत आले आहेत अशी जागा. स्थलांतर शक्य तो टाळावे, त्या जमिनीची स्पष्ट आणि तातडीची गरज असेल तरच करावे, आणि जिथे पथविक्रेते पन्नास वर्षांहून अधिक काळ व्यवसाय करत आहेत तो बाजार वारसा बाजार मानून तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात लिहिले आहे. नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, हीही तरतूद आहे. इमारतीच्या आतल्या गाळेधारकांना या कायद्याचा थेट आधार नाही, हे खरे. पण मंडईच्या भोवती टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांना आहे, आणि आतला गाळा व बाहेरची टोपली एकमेकांच्या गिऱ्हाइकावर जगतात. त्यामुळे संकुलाचा नकाशा मंजूर होण्याआधी ही समिती बसली होती का, हा प्रश्न मी लेखात विचारला होता आणि तो मी मागे घेत नाही.

व्यापारी केवळ जागेच्या किमतीसाठी अडून बसतात, असाही एक शेरा आपण मारला आहे. काही जण बसतात, हे मी नाकारत नाही. पागडीचा गाळा सोडताना हाती काय पडणार, याची चिंता कोणालाही असेल. परंतु भाजीवालीकडे ना पागडी असते ना मालकीचा कागद. पहाटे मार्केट यार्डातून उधारीवर उचललेला माल संध्याकाळपर्यंत विकून पैसे चुकते करायचे, एवढ्या चक्रावर तिचे घर चालते. नव्या जागी ओळखीचे गिऱ्हाईक नसल्याने दोन दिवस माल पडून राहिला, तर तिसऱ्या दिवशी अडत्या तिला माल देत नाही.

आता आपल्या आईंविषयी. मंडईत पालेभाजीवर सतत पाणी मारावे लागते, ते पाणी फरशीच्या फटींत साचते, त्यात कोबीची पाने आणि फ्लॉवरचे देठ पडतात आणि दुपारपर्यंत त्यांवरून चालणे कठीण होते. आपल्या आई याच चिखलात घसरल्या असणार, आणि या वयात असे पडणे किती महागात जाते हे मी माझ्या घरात पाहिले आहे. लेखात या घाणीबद्दल मी दोन ओळी लिहून पुढे गेलो, त्याबद्दल आपली क्षमा मागतो. पण फरशीला उतार द्यायचा, ओट्यांच्या रांगांमधून झाकलेली गटारे काढायची, देठ-पाल्याची गाडी दिवसातून एकदा येते ती दोनदा आणायची आणि माल उतरवण्याची वेळ पहाटे सहाच्या आत बांधून द्यायची, ही कामे आहे त्या जागीच करता येतात. नव्या संकुलाच्या खर्चापुढे त्यांचा खर्च फार मोठा नसेल. आपण त्याच भागात राहता, तेव्हा या मागणीचे निवेदन तयार केल्यास त्यावर आपल्या आईंची सही सर्वांत वर असावी आणि माझी त्याखाली, अशी माझी विनंती आहे.