कारागिरांवाचून राज्य कसे चालवावे

आपल्या राज्यात उत्तम कारागीर फार झाले असतील आणि त्यातून ते ज्यू असतील, तर हवालदिल होण्याचे कारण नाही. मध्ययुगीन युरोपातील राज्यकर्त्यांनी या दुखण्यावर खात्रीचे उपाय करून ठेवले आहेत.

आरंभी कारागीर जमवावेत. सिसिलीच्या दुसऱ्या रॉजरच्या आरमाराने ११४७ मध्ये ग्रीसमधील थेब्झ शहर लुटले, तेव्हा ऐवजाबरोबर रेशीम विणणारी माणसेही उचलून आणली. पुढे तुडेलाच्या बेंजामिन या ज्यू प्रवाशाला त्याच थेब्झमध्ये सुमारे २००० ज्यू आणि त्यांच्यात रेशमाचे निष्णात कारागीर आढळले, यावरून लूट किती हलगर्जीपणे झाली होती हे ध्यानात यावे.

मग कारागिरांचे संघ स्थापावेत, प्रत्येकाला एक संत नेमून द्यावा आणि त्याच्या नावाने मिस्सा, म्हणजे चर्चमधील ख्रिस्ती उपासना, ठेवावी, म्हणजे ज्यूंना मज्जाव करण्याची वेगळी तसदी उरत नाही. (स्पेनमधील सारागोसाच्या ज्यू चांभारांनी आपला वेगळा संघ काढला, अशा आगाऊपणाला इलाज नाही.) त्याउपर स्पेनमधील कॅस्टिल राज्याच्या १४१२ च्या कायद्यासारखा कायदा करून ज्यू लोहार, सुतार व शिंप्यांनी ख्रिस्ती गिऱ्हाइकांचे काम करू नये असे फर्मावावे. पोप म्हणवणाऱ्या तेराव्या बेनेडिक्टने तर १४१५ मध्ये येशू वा मारियेचे नाव असलेल्या पुस्तकांची बांधणीही त्यांना वर्ज्य केली. हातचे हत्यार गेल्यावर एखादा सावकारीकडे वळलाच, तर ही जातच व्याजखाऊ, असे प्रवचन झोडायला आपण मोकळे.

शेवटचा उपाय हद्दपारीचा. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने तो आपल्या ताब्यातील सिसिलीलाही लागू केला आणि सोबत गादी, घोंगडी व वापरलेल्या चादरींची जोडी नेण्याची उदार मुभा दिली. तेथील अधिकाऱ्यांनी मात्र रसभंग केला. बेटावरचे बहुतेक कारागीर ज्यूच आहेत, ते एकदम गेले तर घोड्यांचे नाल, शेतीची अवजारे आणि जहाजांचे लोखंडी सामान कोण घडवणार, असा अर्ज त्यांनी राजाकडे धाडला. अशा अर्जांवर मुदतवाढ द्यावी, निर्णय बदलू नये. सिसिलीत मुदत जानेवारी १४९३ पर्यंत लांबली आणि मग ज्यू गेलेच.

गेलेले लोक कोठे जातात याची चौकशी करू नये. स्पेनमधून निघालेल्या अनेकांनी ऑटोमन साम्राज्यातील सलोनिका शहरात माग मांडले, आणि सोळाव्या शतकात सुलतानाच्या जानिसारी या खड्या पायदळ फौजेच्या गणवेशाचे लोकरी कापड तेथूनच जाऊ लागले. ती फौज आपल्यावर चालून आलीच, तर निदान कापडाला नाव ठेवू नये.