मागावरचा अभंग

'गाणारा जातो, गाणं घरात राहतं,' हे एका लेखात वाचलं आणि अण्णांची, माझ्या वडिलांची, फार आठवण आली. सोलापुरात पूर्व भागात ते यंत्रमागावर चादरी विणायचे. त्या खडखडाटात शेजारचा काय बोलतो तेही कळायचं नाही, पण अण्णांच्या ओठांवर 'माझे माहेर पंढरी' चालूच असायचं. शब्द एकनाथांचे, चाल राम फाटकांची, आवाज भीमसेनजींचा. नाथ १५९९ मध्ये गेले, पंडितजी २०११ मध्ये. माझ्यासाठी मात्र तो अभंग आधी अण्णांचा, मग बाकी सगळ्यांचा.

अण्णा गेल्यावर आईने वर्षभर रेडिओ लावला नाही. आम्हीही कधी आग्रह केला नाही. मग आषाढीच्या सकाळी शेजारून तोच अभंग ऐकू आला. आई भगर निवडत होती, तिचा हात थांबला. आता रडेल असं वाटलं. पण ती हळूच गाऊ लागली. 'भीवरेच्या तीरी' मधला 'तीरी' अण्णा जसा लांबवायचे, अगदी तसाच लांबवला तिने. त्या दिवशी ती पोटभर फराळ करून शांत झोपली.

माझ्या मुलीने आजोबांना पाहिलेलं नाही. तीही तिथेच लांबवते.