बोट बदलून बघा

आज सकाळी आत्याबरोबर कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या रेशन दुकानात गेले होते. पंधरा दिवसांच्या रजेवर आलेय, आत्या म्हणाली चल, पिशव्या उचलायला कोणीतरी पाहिजेच. रांग बरीच होती. आत्याचा नंबर आला आणि अंगठाच लागेना. सत्तरी ओलांडलेली बाई, जन्मभर भांगलण केलेली, तिच्या अंगठ्यावर रेघा राहिल्यात कुठं? मशीनवरचा पोरगा भला होता. "आज्जी, पदराला पुसा." पुसला. "केसावरनं एकदा फिरवा." फिरवला. मग म्हणाला, "बोट बदलून बघा."

आणि मागून एकजण बोलला, "फुकटचं घ्यायचं म्हटल्यावर एवढं व्हायचंच. सवयच लागल्या लोकांस्नी."

मला तिथं काही बोलता आलं नाही. दुपारी नीट जेवलेही नाही. आता रात्रीचे साडेअकरा वाजलेत, आत्या झोपलीय आणि मी हे लिहायला बसलेय. कारण "बोट बदलून बघा" हे मी याआधी एकदा ऐकलंय, आणि त्या वेळी तिथली साहेब मी होते.

माझं काम काय हे तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. नव्यांसाठी सांगते. युगांडाच्या उत्तर टोकाला युम्बे जिल्हा, तिथं बिडीबिडी नावाची निर्वासितांची वस्ती. कुंपण नाही, तंबूंच्या ओळी नाहीत. मातीची घरं, गवताची छपरं, लाल मुरमाचे रस्ते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये ती सुरू झाली आणि वर्ष संपायच्या आत तिथं अडीच लाखांहून जास्त माणसं आली, दक्षिण सुदानमधल्या लढाईतून पळून. पाच महिन्यांत अख्ख्या इचलकरंजीएवढी वस्ती, तीही माळरानावर. त्या भागातलं आमच्या संस्थेचं फील्ड ऑफिस मी चालवते.

२०२५ चा मे महिना. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाकडे पैसा उरला नाही आणि युगांडातल्या दहा लाख निर्वासितांचं रेशन बंद झालं. दहा लाख. काही जणांचं कमी झालं असं नाही, त्यांचं बंदच झालं. आधी २०२३ मध्ये लोकांचे तीन गट पाडले होते, फार गरजू, मध्यम आणि "स्वतःचं बघू शकणारे". तेव्हाच बहुतेकांच्या ताटातलं निम्म्याहून जास्त गेलं होतं. मग हे.

वाटपाच्या दिवशी मी केंद्रावर उभी होते. आंब्याच्या झाडाखाली टेबल, टेबलावर ठसे घ्यायचं यंत्र. एक म्हातारी आली. तिकडं आजीला हबूबा म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं कमरेला. तिनं अंगठा ठेवला. टेबलावरच्या पोरानं पडद्याकडं बघितलं आणि म्हणाला, "इसिम माफी." जुबा अरबी या तिकडच्या बोलीत माफी म्हणजे "नाही". तुझं नाव नाही. इतकी वर्षं तिथं काढली तरी हा शब्द माझ्या मराठी कानाला आधी माफीच ऐकू येतो, क्षमा मागितल्यासारखा.

तिला वाटलं बोटाचा दोष. तिनं अंगठा लुगड्याला पुसला आणि परत ठेवला. मग तर्जनी. मग मधलं. टेबलावरचा पोरगा कंटाळून म्हणाला, दुसरं ठेवून बघ. तिनं ठेवलं. उजवा हात संपला, मग डावा. एकेक बोट पुसून, जपून, काचेवर ठेवत गेली. दहा बोटं. मागं रांग गप्प उभी.

आता ऐका. यंत्रानं तिला पहिल्याच बोटाला ओळखलं होतं. बोट बरोबर होतं, माणूस बरोबर होतं, कार्ड बरोबर होतं. नाव यादीतून गेलं होतं, एवढंच. कार्डावर तिचा मुलगा होता, पंचविशीतला, धडधाकट, म्हणून घर "स्वतःचं बघू शकणारं" ठरलं. मुलगा केव्हाच सीमा ओलांडून काजो केजीला गेला होता, शेत आहे का उरलंय ते बघायला. तो परत आला नव्हता. घरात ती आणि चार नातवंडं.

मला हे पहिल्या बोटालाच कळलं होतं. आणि मी दहाव्या बोटापर्यंत गप्प राहिले.

आणि आज एक माणूस म्हणतो, सवय लागल्या लोकांस्नी.

कसली सवय? सांगा ना, कसली? ज्वारी, मका, मूठभर घेवड्याचे दाणे, तेल, मीठ. त्यातून पळी पळी मोजून महिना काढायची सवय? दिवसात एकदाच चूल पेटवायची सवय? जिला सात एकर जमीन होती, गुरं होती, तिनं आपली दहाही बोटं अनोळखी पोरासमोर धरायची, याची सवय होते का कुणाला? मी इतक्या वर्षांत एक माणूस बघितला नाही ज्याला ती झाली.

हो, काही जण रेशन विकतात. विकतात, कारण दळायला पैसे लागतात, साबण लागतो, पोरीला वही लागते. हो, २०१८ मध्ये ठसे घेऊन फेरमोजणी झाली तेव्हा १४ लाखांचा आकडा ११ लाखांवर आला, खोटी नावं होती, तीही खरी गोष्ट. आणि हो, मला पगार चांगला आहे. हे सगळं मान्य. पुढं?

मला फुकट या शब्दाचाच राग येतो. आपल्याकडं २०२३ पासून ते धान्य फुकट आहे, खरं आहे. पण आत्या साठ वर्षं दुसऱ्याच्या रानात राबली, ते कुणी मोजलं?

युम्बेतली माणसं हा शब्द वापरत नाहीत, हे मला तिथं गेल्यावर पहिल्यांदा जाणवलं. बिडीबिडीची जमीन सरकारची नाही, तिथल्या घराण्यांची आहे, वाडवडिलांकडून आलेली. त्यांनी ती दिली. प्रत्येक घराला ३० बाय ३० मीटरचा तुकडा, घर बांधा, पुढंमागं काही लावा. बऱ्याच ठिकाणी खाली खडकच आहे, पण दिला. युगांडाचा २००६ चा कायदा निर्वासिताला काम करू देतो, हिंडू-फिरू देतो. आज त्या देशात १८ लाखांहून जास्त निर्वासित आहेत, आफ्रिकेत सगळ्यात जास्त, आणि तो काही श्रीमंत देश नाही.

का दिली जमीन? आमच्या ऑफिसाशेजारच्या एका म्हाताऱ्या जमीनमालकांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, इदी अमीन पडला, मग १९८० मध्ये सैन्य आमच्यावर सूड उगवायला आलं, तेव्हा आम्ही बायकापोरं घेऊन पलीकडं पळालो, सुदानात. त्यांनी आम्हाला रान दिलं, बी दिलं. आता त्यांची पोरं इकडं आलीत. एवढंच बोलले आणि पुन्हा सायकलीची साखळी बसवायला लागले.

भांडणं होतच नाहीत असं नाही. जळणासाठी झाडं तुटतात, तिथले लोक चिडतात, बोअरवर बायकांच्या घागरी आपटतात. माझा निम्मा आठवडा त्यातच जातो. लोकांना वाटतं फील्ड ऑफिसची प्रमुख म्हणजे लेकरं कडेवर घेऊन फोटोत उभी राहणारी. मी पंपाच्या डिझेलचा हिशेब करते. वस्तीच्या निवडून आलेल्या पुढाऱ्यांसमोर तीन तीन तास बसून शिव्या खाते. २०२५ मध्ये पैसे आटले तेव्हा माझ्याच ऑफिसातल्या ड्रायव्हरला, वॉचमनला, स्वयंपाकाच्या बाईला नोकरी संपल्याची पत्रं माझ्या हातानं दिली. त्यातला एक ड्रायव्हर पत्र घेऊन गाडी धुवायला गेला, कारण दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या कुणाला तरी द्यायची होती.

पण मला झोपेतून उठवते ती हबूबाच. तिची डाव्या हाताची करंगळी. ती सगळ्यात शेवटी ठेवली होती, आणि ठेवताना माझ्याकडं बघून थोडी हसली होती, आता लागेल म्हणून.

ज्या वळिवड्यात आज आत्याचा अंगठा लागेना, त्याच गावाच्या माळावर १९४३ ते १९४८ पोलंडमधले सुमारे पाच हजार निर्वासित राहिले. बायका आणि लेकरंच जास्त. आमच्या घरातली म्हातारी माणसं सांगायची, गोऱ्या बायका बाजारात यायच्या, वांगी निवडून घ्यायच्या. ते गेले आणि त्याच छावणीत फाळणीतून आलेली सिंधी कुटुंबं आली. आज आपण तिला गांधीनगर म्हणतो आणि लग्नाचा बस्ता बांधायला तिथंच जातो. मला युगांडात गेल्यावर कळलं, त्याच वर्षांत पोलंडच्या निर्वासितांच्या छावण्या युगांडातही होत्या, मसिंडीजवळ आणि कोजाला. मसिंडीजवळ त्यांनी बांधलेलं चर्च अजून उभं आहे. मी मुद्दाम बघायला गेले होते. दारात उभी राहून खुळ्यासारखी रडले. वळिवडं आठवलं.

आत्याला १९७१ आठवतं. बांगलादेशातून कोटभर माणसं आली तेव्हा पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावायला लागायचं, निर्वासितांसाठी. ती म्हणते तिचे वडील, म्हणजे माझे आजोबा, कुरकुर करायचे आणि लावायचे. कुरकुर करा, माझी काही तक्रार नाही. पण लावा.

सकाळच्या त्या माणसावरचा राग आता लिहिता लिहिता उतरलाय थोडा. त्याचाही अर्धा रोज बुडला असेल रांगेत. त्याच्या हातातही पिशवीच होती. त्यालाही कुणी नीट सांगितलं नसेल की मशीन अडलं तर त्यात म्हातारीची चूक नसते.

कारण चूक तिथंच होते, आणि ती मी केलीय. बोट बदलून बघा म्हणणं सोपं आहे. दोष बोटावर जातो. माझ्या टेबलावर त्या दिवशी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं की बाई, तुझं बोट चांगलं आहे, पैसे द्यायचे त्यांनी दिले नाहीत, आणि यादी करताना तुझं घर कुणी नीट बघितलं नाही. ते मी सांगायला पाहिजे होतं. त्यानंतर मी टेबलावर बसणाऱ्या सगळ्यांना एकच नियम घातला. नाव नसेल तर पहिलं वाक्य हे बोलायचं, तुमचं काही चुकलेलं नाही. मग कारण सांगायचं, मग तक्रार लिहून घ्यायची. वरच्या एका मीटिंगमध्ये मला ऐकवलं गेलं की असं सांगितलं तर लोक भडकतील. भडकतात ना. भडकू देत. आपल्यावर भडकायचा त्यांना हक्क आहे. स्वतःच्या बोटांना दोष देत घरी जाण्यापेक्षा ते बरं.

हबूबाची तक्रार मी स्वतः लिहून घेतली, दहाव्या बोटानंतर. मी रजेवर निघेपर्यंत त्याचं उत्तर आलं नव्हतं.

आत्याचं आज शेवटी डाव्या हाताच्या मधल्या बोटानं जमलं. रांगेतल्या दोन बायकांनी "लागलं, लागलं" म्हणून आवाज केला. घरी येऊन ती गहू निवडायला बसली तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. ती खडे काढत ऐकत होती. मग विचारलं, "मग ती म्हातारी आता काय खातीय गं?"

मी म्हटलं, शेजारीण देते. पलीकडच्या तुकड्यावरची. तिचंही रेशन कमी झालंय, पण तिचं नाव आहे यादीत.

"रोज?"

रोज.

आत्यानं परत विचारलं नाही. सुपातलं धान्य खालीवर करत बसली बराच वेळ.