गाभ्याचा आकडा बदलला म्हणून थापा? एका कमेंटला उत्तर

दादा, कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की 1993 ला सांगितलं पृथ्वीच्या गाभ्यातल्या दाबाला लोखंड 4850 केल्विनला वितळतं, 2013 ला तेच 6230 झालं, म्हणजे हे लोक एसीत बसून आकडे ठोकतात, खाली जाऊन बघितलंय कोणी.

कोणीच नाही. आणि अजून एक सांगतो, 2013 च्या प्रयोगातही दाब साधारण 200 गिगापास्कलपर्यंतच नेला होता, आतल्या गाभ्याच्या सीमेवरचे 330 म्हणजे वातावरणाच्या 32-33 लाख पट, तिथपर्यंतचा आकडा आलेख पुढे ओढून काढलाय, म्हणून तर त्याला ±500 जोडलेलं आहे.

पण आकडा का बदलला ते बघा ना. दोन्हीकडे लोखंडाचा कण दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये दाबून लेझरने तापवला होता, फरक आहे तो वितळलं हे ओळखायचं कसं यात. आधी तापलेल्या ठिपक्याचा पृष्ठभाग बघायचे, तो वळवळायला लागला की म्हणायचे वितळलं. 2013 ला फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे खूप प्रखर एक्स-रे देणाऱ्या भल्यामोठ्या यंत्रावर, हिऱ्यातून आरपार एक्स-रे सोडले. घन लोखंडात अणू रांगेत असतात म्हणून डिटेक्टरवर ठळक ठिपके नि रेषा येतात, द्रव झालं की रांगा मोडतात आणि नुसतं धूसर रुंद कडं उरतं, तिथे डोळ्याच्या अंदाजाला वावच नाही. आणि गंमत म्हणजे जुन्या आकड्यांच्या आसपासच ते ठिपके पटापट जागा बदलताना दिसले, म्हणजे स्फटिक मोडून नवे बनत होते पण लोखंड घनच! जुन्या माणसांनी वळवळ बघितली ती खरीच होती हो, अर्थ चुकला.

थर्मामीटर कुठे घातला म्हणून टोमणा मारलात, तर तापलेल्या ठिपक्याच्या उजेडाच्या स्पेक्ट्रमवरून तापमान काढतात. ठिपका काही मायक्रॉनचा, मध्ये गरम कडेला गार, त्यामुळे इथे तुमच्या शंकेत दम आहे.

खरं तर भांडायचंच असेल तर 1993 सोडा. 2015 ला त्याच ग्रेनोबलला एक्स-रे किती शोषले जातात यावरून मोजलं तर आकडा परत खाली आला, मग पुढे दुसऱ्या गटाने दाखवलं की तापवताना हिऱ्यातलाच कार्बन लोखंडात शिरू शकतो, आणि कार्बनवालं लोखंड लवकर वितळतं. कार्बन नेमका किती शिरतो यावर बोला, मी पण उत्तर द्यायला बसलोय.