तंबूतला सिनेमा आणि मधली कनात

२०२१ मध्ये मुंबईत बीकेसीला मॉलच्या गच्चीवर गाडीत बसून सिनेमा बघायचं थिएटर सुरू झालं, तेव्हा आमच्या ग्रुपवर एकाने फोटो टाकला होता. 'मोकळ्या हवेत सिनेमा, काय भारी डोकं लावलंय!' मी काही बोललो नाही. आमच्या बैलगाड्या तंबूबाहेर सोडलेल्या असायच्या, एवढाच काय तो फरक.

मार्गशीर्षात सातारा जिल्ह्यातल्या पुसेगावला सेवागिरी महाराजांची जत्रा भरते. रथावर नोटांच्या माळा, बैलांचा बाजार, पाळणे आणि त्यांच्या पलीकडे तेव्हा टुरिंग टॉकीजचे, म्हणजे फिरत्या सिनेमाचे तंबू असायचे. दुपारपासूनच कर्णे ओरडायला लागायचे. इथला खेळ आटपला की तंबू, पडदा, मशीन सगळं ट्रकात घालून मंडळी पौषात पालीच्या खंडोबाला. पावसाळ्यात धंदा बंद, तेव्हा कनाती शिवायच्या.

हा धंदा लहानसहान नव्हता, बरं का. अब्दुल्ली इसूफअली नावाचे गृहस्थ विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तंबू घेऊन गावोगाव, देशोदेशी सिनेमा दाखवत हिंडले. पुढे ते अर्देशिर इराणींचे भागीदार झाले. १९३१ साली आपला पहिला बोलपट मुंबईच्या ज्या मॅजेस्टिकमध्ये लागला, ते थिएटर या दोघांचं. म्हणजे मूळ तंबूवाल्याचंच.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. टुरिंग टॉकीज म्हटलं की आम्ही पुरुष मंडळी गळा काढतो. खरं तर ती बंद पडल्यानं आमचं फारसं काही अडलं नाही. आम्ही तालुक्याला जाऊन रात्रीचा शो बघत होतोच. अडलं ते बायकांचं.

माझी आजी तालुक्याच्या थिएटरात आयुष्यात एकदाही गेली नाही. तंबूत मात्र दरवर्षी. कुणी विचारलं तर म्हणायची, "देवाला चाललीया." खोटं नव्हतं ते. आधी नारळ, मग तिकीट. तंबूत मधोमध कनात, एकीकडे गडी, दुसरीकडे बायामाणसं. मी लहान म्हणून तिच्याबरोबर बायकांत. खाली पोतं अंथरायचं, पदरात शेंगा. 'माहेरची साडी' १९९१ चा, आमच्या जत्रेत तो आला दुसऱ्या वर्षी. त्या रात्री कनातीच्या आमच्या बाजूला जे रडणं चाललं होतं, ते मी अजून विसरलेलो नाही. आणि गंमत म्हणजे बाहेर पडताना सगळ्या कशा ताज्यातवान्या!

उगाच गोडवे गात नाही. धूळ नाकातोंडात जायची, पलीकडून बिड्यांचा धूर आणि अचकट विचकट शेरे यायचे, बायकांना आडोशाला जायची सोय नसायची. मशीन एकच, त्यामुळे दर रिळाला खेळ थांबणार. फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे अडीच तासांच्या सिनेमाला साडेतेरा हजार फूट. मी एकदा मागच्या ट्रकात डोकावलो होतो. कार्बनच्या दोन कांड्या समोरासमोर, मधे डोळे दिपवणारा झोत. कांड्या जळून आखूड होत आणि ऑपरेटर चाकी फिरवून त्या जवळ आणायचा. त्याचं लक्ष चुकलं की पडदा पिवळा पडायचा आणि तंबूभर शिट्ट्या.

टीव्हीनं तंबू मारला असं सरसकट म्हणतात. व्हिडिओ, केबल, सीडी यांनी कंबर मोडलीच, पण शेवटचा घाव घातला तो प्रिंटा निघणं बंद झालं तेव्हा. सिनेमा हार्ड डिस्कवर आणि सॅटेलाइटवरून यायला लागला. नवं डिजिटल मशीन घ्यायची ऐपत किती जणांची? जुनी मशिनं किलोच्या भावानं भंगारात गेली. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात १९६४ पासून सिनेमे जपले जातायत, छानच आहे. पण ती मधली कनात कुणी जपली नाही.

आमच्या घरी टीव्ही १९९५ ला आला. आता आजीला घरबसल्या सिनेमा, असं आम्हाला वाटलं. पण तंबूत अडीच तास तिला कुणी 'पाणी आण' म्हणत नव्हतं. घरात रविवारचा सिनेमा लागला की ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून बघायची, पिठाचे हात तसेच. मधेच तव्यावरची भाकरी उलटायला आत जायची. परत आली की मला विचारायची, "आता ही का रडतीया?"